बसल्यावर पडणारी घडी

ऑपरेशन होऊन सासरी परतले त्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी सासूबाईंसमोर बसून शेंगा सोलत असताना, पोटाच्या उजव्या अंगाला मला एकाएकी ऊब जाणवली. मी खाली पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. हातातली शेंग सुपात टाकली, "आलेच," म्हणाले आणि परसातल्या मोरीकडे निघाले. चालता चालता ती ऊब मांडीपर्यंत उतरली. मागे सासूबाईंच्या हातांचा आवाज थांबला होता. त्यांनी काही विचारलं नाही.

त्या दिवसांत त्या काहीच विचारत नसत, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटे.

आमचं घर मॉरिशसच्या उत्तरेला, रिव्हिएर दू रांपारला. सासरे आणि नवरा मिळून थोडा ऊस आणि बाकी जमिनीत भाजीपाला करत. सासूबाई तरुणपणी उसाच्या मळ्यावर खताची पोती वाहायच्या, पुढे साखरेची पोती शिवायच्या. माझं माहेर व्हाकोआचं. वडील सरकारी कचेरीत कारकून, मी शाळेत शिक्षिका. लग्नानंतर मी इकडच्या शाळेत बदली करून घेतली होती. दोन वर्षं बरी गेली आणि मग रक्ताचे जुलाब सुरू झाले. दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. वर्गात फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मी खडू टाकून पळायचे. शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मोठं आतडं आतून सडत चाललंय, काढलं नाही तर फुटेल. पन्नासचं दशक तेव्हा संपत आलं होतं. असलं ऑपरेशन झालेलं माणूस आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, पोटातून बाहेर काढून शिवलं. ते तोंड लाल, ओलसर, अंगठ्याच्या पेराएवढं. त्याला हात लावला तरी काही कळत नसे. त्यातून पातळ मळ कधीही यायचा, माझ्या इच्छेचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यासाठी इंग्लंडहून आगबोटीने आलेल्या दोन काळ्या रबरी पिशव्या मला मिळाल्या. एक लावायची, तोवर दुसरी धुऊन सावलीत वाळवायची. पिशवीला रबराचं जाड कडं, कड्याला मधोमध भोक. कडं रबराच्या डिंकाने पोटाला चिकटवायचं, वरून पट्टा आवळायचा. खाली एक नळी, तिला चाप. चाप काढला की पिशवी रिकामी होई.

इस्पितळात ती पिशवी तीन आठवडे नीट बसली होती. मी म्हटलं, जमलं. पण इस्पितळात मी बहुतेक वेळ आडवी असे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर ती सुटायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा. प्रत्येक वेळी कडं ओढून काढायचं, जुना डिंक खरवडायचा, नवा लावायचा. डॉक्टरांनी घरी सोडताना एक वाक्य सांगितलं होतं: लहान आतड्यातून येतं ते पाणी अन्न जिरवतं, कातडीवर पडलं तर कातडीही जिरवायला लागतं. ते वाक्य मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. तोंडाभोवतीची कातडी आधी लाल झाली. मग तिच्यावर दव पडल्यासारखं पाणी सुटलं. मग ती कातडी राहिलीच नाही. उघड्या मांसावर डिंकाचा ब्रश टेकवला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. ओल्या जागेवर डिंक धरत नसे, म्हणून पिशवी आणखी लवकर सुटे, आणि सुटली की जखम आणखी मोठी होई. रोज सकाळी मी मोरीत आरसा टेकवून बघायचे. रोज ती लाल कडा केसभर पुढे सरकलेली असायची.

मी पट्टा आवळत गेले. एक भोक, मग दुसरं. कमरेत त्याचा वळ उमटला, वळाची जखम झाली.

मग मला एक युक्ती सुचली आणि तीच माझ्या जिवावर बेतली. मी खाणं कमी केलं. कमी घातलं तर कमी बाहेर येईल, असा हिशेब. खाणं कमी करूनही पाण्यासारखं येतच राहिलं, तेव्हा पाणी पिणंही कमी केलं. सकाळी अर्धा पेला, दुपारी अर्धा पेला. जीभ टाळ्याला चिकटे. पोटऱ्यांत गोळे येत. मला वाटायचं, अशक्तपणा आहे, जाईल.

घरातही काहीतरी बदलत होतं. माझी थाळी वेगळी ठेवलेली दिसू लागली. माझे कपडे सासूबाई वेगळ्या दगडावर धुवायच्या, सगळ्यांचे धुऊन झाल्यावर. शेजारणी पूर्वी दुपारी येऊन बसत, त्या आता कुंपणापाशी थांबून सासूबाईंशी हळू आवाजात बोलत आणि मी दिसले की निघून जात. नवरा चांगला होता, पण घाबरलेला होता. पहाटे भाजी घेऊन बाजाराला जायचा आणि परतला की माझ्याकडे बघताना आधी माझा चेहरा बघायचा, मग पोट, मग दुसरीकडे.

जानेवारीत पहिलं वादळ आलं. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारी हे भर उन्हाळ्याचे आणि वादळांचेच महिने. ऊस आडवा झाला, छपराचे दोन पत्रे उडाले, घर राहिलं. सगळे म्हणाले, सुटलो. सासरे म्हणाले, "उन्हाळा अजून सरला नाय." आणि त्यांनी पत्र्यांवर दगड चढवले.

त्याच आठवड्यात मी सासूबाईंना माझ्या नवऱ्याशी बोलताना ऐकलं. मी स्वयंपाकघराच्या भिंतीआड होते.

"तिला व्हाकोआला धाड," त्या म्हणाल्या. "हितं नाय जमायचं तिचं."



मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. माहेरी परत पाठवलेल्या दोन मुली मला माहीत होत्या. एक पुन्हा कधी सासरी आली नाही, दुसरीच्या नवऱ्याने वर्षभरात दुसरी केली. माझं ठरलं तर. आता फक्त कोण सांगणार आणि कधी, एवढंच राहिलं होतं. त्या दिवसापासून मी पाण्याचा सकाळचा पेलाही सोडला. निदान घरात वास तरी येऊ नये, निदान थोडे दिवस तरी.

फेब्रुवारीच्या मध्याला, मिरच्यांच्या वाफ्याशी, माझे दोन्ही पाय एकदम आखडले. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. मी वाफ्यात आडवी पडले. डोळे उघडले तेव्हा वर सासूबाईंचा चेहरा होता. त्यांनी मला काखेत हात घालून उचललं. एवढं बळ त्या लहानशा बाईत असेल असं मला वाटलं नव्हतं. आत नेऊन चटईवर ठेवलं आणि सरळ माझ्या साडीला हात घातला.

"नको, आई," मी म्हणाले.

"गप."

त्यांनी पट्टा सोडला. कडं आपणच गळून आलं. त्या बघत राहिल्या. बराच वेळ. मी डोळे मिटून घेतले.

"ह्ये कवापासून?"

"घरी आल्यापासून."

"आणि मना सांगलंस नाय?"

"तुम्ही मला परत पाठवणार होतात."

"कोण म्हनला?"

"मी ऐकलं. व्हाकोआला धाड, म्हणालात."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आगो खुळे, तुझ्या बापाच्या घरात नळ हाय. हितं मी सार्वजनिक नळावरनं बालद्या भरून आनते, त्या पाण्यात तू काय काय धुवशील? चार म्हैने तिथं ऱ्हावास, बरी झालीस की यावास, म्हनून बोल्ली." मग म्हणाल्या, "कपडे बाजूला धुते ते शेजारनींनी बघू नये म्हनून. बाकीचे धुताना त्या बाया तिथंच बसतात."

थाळीचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. काही गोष्टी त्यांच्याही मनात असतील, आणि मला त्या ऐकायच्या नव्हत्या.

त्यांनी भाताची पेज केली, त्यात सढळ हाताने मीठ टाकलं, आणि वाटीमागून वाटी मला पाजली. जुलाब झालेल्या माणसाला त्यांची आई देत असे तेच त्या देत होत्या. दुपारपर्यंत पायांतले गोळे सुटले. मग त्या म्हणाल्या, "आता पिशवी लाव. मना बघू दे."

मी उभी राहून लावली, नेहमीसारखी. कडं चारी बाजूंनी पोटाला टेकलं.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"ऊठ. बस. वाक जरा, शेंगा सोलतेस तशी."

त्या गुडघ्यांवर बसून माझ्या पोटाला डोळा लावून होत्या. मग त्यांनी कपड्यांना लावायच्या निळीची कांडी आणली, ओली केली आणि माझ्या पोटावर एक रेघ ओढली. मी उभी राहिले तर ती रेघ नुसती आडवी रेघ होती. बसले की ती नाहीशी व्हायची. ऑपरेशनच्या व्रणापासून निघून बरोबर तोंडाच्या खालून एक घडी पडत होती आणि रेघ तिच्यात गिळली जात होती. रबराचं कडं घडीवर पूल बांधल्यासारखं अधांतरी राहायचं आणि पुलाखालून सगळं वाहायचं.

"थयसून येतंय," त्या घडीवर बोट ठेवून म्हणाल्या. "आनि ह्यो पट्टा. तू त्यो कमरंत वर बांधतेस. दोर वर वढला की पोत्याचं तोंड खालनं उघडतं. कड्याच्या रेषेतच आडवा पायजे."

दोन महिने मी रोज आरशात बघत होते. उभी राहून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने इस्पितळात गेलो. मी सारा रस्ता उभी राहिले. तिथे एक क्रेओल नर्स होती, मध्यम वयाची, काही वर्षं इंग्लंडमध्ये काम करून आलेली. सगळे तिला मिस म्हणत. तिने पिशवी काढली, माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटले आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन त्यात कात्रीने भोकं पाडायला लागली. एकेक भोक माझ्या पोटावरच्या तोंडाशी धरून बघितलं. मग माझ्या रबरी कड्याचं भोक त्याच्याशी ताडून पाहिलं.

"हे माप कधी घेतलं?"

"ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी."

"तेव्हा ते सुजलेलं असतं. पुढे दीड-दोन महिन्यांत आकसतं. कड्याचं भोक आता बाजूने करंगळी जाईल एवढं मोठं आहे. त्या फटीतून तुझी कातडी रोज जळतेय." तिने कात्री खाली ठेवली. "हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. मीही."

लहान भोकाचं कडं तिच्याकडे नव्हतं. इंग्लंडला लिहावं लागणार होतं. बोटीने यायला दोन-तीन महिने.

"तोवर?" मी विचारलं.

ती म्हणाली, तिकडे एका ठिकाणी तिने एक पूड वापरलेली पाहिली होती. कुठल्याशा झाडाचा डिंक, बारीक दळलेला. ओल लागली की तो चिकट लगदा होतो आणि जखमेला झोंबत नाही. "इथे आपल्याकडे ती पूड फक्त एकाच कामासाठी मिळते. म्हातारी माणसं कवळी बसवायला वापरतात ना, ती."

हे ती क्रेओलमध्ये, बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, बोलली होती. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "ह्यांच्या दातांची लापूद!" माझ्या सासऱ्यांनी आदल्या वर्षी कवळी करून घेतली होती. लापूद म्हणजे पूड. डबा घरी फळीवर होता.

नर्सने मला दाराशी थांबवलं. माझी जीभ बाहेर काढून बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी हळूहळू खाली बसली. "मादाम, ब्वार दिलो. पाणी पी. पाणी आणि मीठ. ज्यांनी पाणी सोडलं अशा दोघी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. जखमेने कुणी मेलं नाही, पाणी सोडल्याने मेल्या." ती हसत नव्हती.

पुढचे दिवस सासूबाई आणि मी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत शिकत होतो. दुसरा शब्द नाही त्याला. जखमेवर कोरडी पूड भुरभुरवली तर ती ओल पिऊन चिकट होते, तिच्यावर पापुद्रा धरतो. पुडीत थोडं पाणी घालून कणकेसारखी मळली तर तिची वात वळता येते. ती वात घडीत भरायची, पण बसून, घडी पडलेली असतानाच. उभं राहून भरली तर बसल्यावर ती बाहेर ढकलली जाते. मग तोंडाभोवती त्याच कणकेचं बारीक कडबोळं, अगदी लागून, कुठेही कातडी उघडी न ठेवता. वरून रबराचं कडं. मग तळहात ठेवून शंभर आकडे मोजायचे, अंगाच्या उबेने ते धरेपर्यंत. सासूबाईंनी गादीच्या जाड कापडाचा दुहेरी पट्टा शिवला, रुंद, कड्याच्या रेषेत येईल असा, आणि त्याला बटणांची तीन काजं केली. आवळून झाला की त्या स्वतः दोन बोटं आत घालून बघत. बोटं गेली नाहीत तर पट्टा सैल करायला लावत. रबर घामाने अंगाला चिकटू नये म्हणून पिशवीला जुन्या धोतराचा अभ्रा केला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी उकाडा होता, कणीक वितळली, दोन तासांत सुटली. तिसऱ्या दिवशी आम्ही कणीक घट्ट केली. सकाळी लावलेली पिशवी संध्याकाळी तशीच होती. मी वाटीभर भात खाल्ला आणि दोन तांबे पाणी प्याले. चौथ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीवर वादळाच्या इशाऱ्याचे लाल झेंडे चढले.

आकाश तांबूस होतं, पितळेवर राप चढावा तसं. वारा पडला होता. पक्षी दिसत नव्हते. सासरे शेतातून आले, कवळी काढून रुमालात बांधली आणि म्हणाले, "ह्या टायमाला घर ऱ्हानार नाय. साळंत चला." सासूबाईंनी पुडीचा डबा मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधला. त्या घरातून त्यांनी दुसरी कोणतीही वस्तू हातात घेतलेली मला आठवत नाही.

शाळा म्हणजे माझीच शाळा. माझ्याच वर्गात साठ-सत्तर माणसं कोंबून बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या वर्गातल्या मुली मला बघून खूश झाल्या, जवळ येऊ लागल्या. मी त्यांना दूर बसवलं. आता इथे पिशवी सुटली तर? उठायला जागा नव्हती, दार बाकं लावून बंद केलं होतं. सकाळ सरायच्या आतच वारा सुरू झाला. आधी शिट्टी, मग बाहेर रेल्वेचा डबा घसरत जावा तसा सततचा आवाज, मग तो आवाज इतका वाढला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पलीकडच्या खोलीचं छप्पर गेलं. ते गेल्याचं आम्हाला कानांत दडा बसल्याने कळलं. तिकडची माणसं रांगत आमच्या खोलीत आली. आता मांडी बदलायलाही जागा राहिली नाही.

सासूबाई माझ्या उजव्या बाजूला होत्या. त्यांनी आपला पदर माझ्या मांडीवर ओढला आणि पदराखालून तळहात माझ्या पोटावर, बरोबर कड्यावर ठेवला. तो त्यांनी काढला नाही. छपरातून पाणी गळत होतं, त्यांच्या पाठीवर पडत होतं. त्या हलल्या नाहीत.

समोरच्या बाईने ते बघितलं. आमच्याच गल्लीतली, कुंपणापाशी कुजबुजणाऱ्यांतली. वाऱ्याचा जोर थोडा कमी झाला तेव्हा तिने पुढे वाकून विचारलं, "पोटुशी हाय काय सून?"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"कितवा?"

"तिसरा."

बाईने हात जोडले आणि स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून माझ्या पायांवर घातली. ती बातमी खोलीत कानोकानी गेली. बायका सरकल्या, मला टेकायला भिंत दिली. मला तीन वर्षांत मूल झालेलं नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसताना मला वाऱ्यापेक्षा त्या बायकांच्या हसऱ्या चेहऱ्यांची भीती वाटत होती.

दुपारनंतर वारा एकाएकी थांबला. ऊन पडलं. वादळाचा मधला डोळा वरून चालला होता. पुरुष म्हणाले, अर्धा तास, फार तर तास, मग उलट्या बाजूने येईल. सगळे बाहेर पडले. बाहेर गाव नव्हतं. म्हणजे झाडं नव्हती, घरांच्या जागी फळ्या होत्या आणि ऊस जमिनीला चिकटून गेला होता. आमच्या घराच्या दिशेला मी बघितलं नाही. सासूबाई मला शाळेच्या पडक्या भिंतीमागे घेऊन गेल्या. मी चाप काढून पिशवी रिकामी केली. त्यांनी खाली बसून कड्याभोवती बोट फिरवलं, सबंध गोल.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. त्या आकाशाकडे बघत होत्या. दक्षिणेकडून काळी भिंत येत होती.

दुसरा फेरा पहिल्यापेक्षा वाईट होता. आमच्या खोलीचं छप्पर अर्धं गेलं, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर तुळई पडली आणि तो तिथेच गेला. आम्ही त्याच्याबरोबर भिजत, संध्याकाळ होईपर्यंत तसेच बसलो. पिशवी सुटली नाही.

घर गेलं होतं. स्वयंपाकघराच्या मागची खोलीही. चार महिने आम्ही उडून आलेल्या पत्र्यांच्या खोपटात राहिलो. नर्सने इंग्लंडला लिहिलेलं कडं जूनच्या सुमारास आलं. तोवर जखम भरली होती, जागेवर गुलाबी, चकचकीत, केसांशिवायची कातडी आली होती. ती आजही तशीच आहे. दुसऱ्या सत्रात मी शाळेत रुजू झाले.

पण मधल्या काळात ते "व्हय" आमच्या अंगणात उभं होतं. बायका विचारायच्या. माझं पोट वाढत नव्हतं. एके दिवशी सासूबाई पाण्याच्या नळावर गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "मी सांगलं त्यांना. गेलं म्हनून." त्या दुपारपासून बायका येऊ लागल्या. एकेक करून खोपटाच्या दारात बसायच्या, माझा हात हातात घ्यायच्या. वादळात घोंगडी देणारी बाई तर रडली. तिचं स्वतःचं एक असंच गेलं होतं. मी मान खाली घालून बसले. नसलेल्या मुलासाठी मी त्यांचं सांत्वन ऐकलं आणि मला खरोखर रडू आलं. ते कशासाठी आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सासूबाई पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. त्या दिवसानंतर आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

सहा-सात वर्षांनी त्याच नर्सचा निरोप आला. दक्षिणेला, नुव्हेल फ्रांसला एका बाईचं तसंच ऑपरेशन झालं होतं. घरी जाऊन तीन आठवडे झाले, ती खोलीबाहेर येत नाही, तपासायलाही आली नाही. मी जाईन का?

दोन बस बदलून, पावसाच्या धुक्यातून मी तिथे पोचले. शेतकऱ्याचं घर. नवरा दारात बसला होता. त्याने आतल्या बंद दाराकडे नुसतं बोट केलं. मी दाराबाहेर जमिनीवर बसले आणि मी कोण, ते सांगितलं. मी घडीचं सांगितलं, कड्याच्या भोकाचं सांगितलं, कवळीच्या पुडीचं सांगितलं. तासभर मी दाराशी बोलत होते. मग आतून एक कोरडा आवाज आला.

"तुमची आत्ता लावलेली हाय?"

"हो."

"बसल्यावर सुटत नाय?"

"मी तासभर बसलेय की इथे."

कडी निघाली. वास आला, तो मला ओळखीचा होता. पण मी आधी पिशवीकडे बघितलं नाही. तिचे ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. मी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तंबूसारखी उभीच राहिली.

"पाणी कधी प्यालीस?"

ती खाली बघू लागली.

मी बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी बघा. आत्ताच्या आत्ता." त्याने शेजारचा भाजीचा ट्रक आणला. ट्रक येईपर्यंत मी चमच्याने तिला मिठाचं पाणी पाजत राहिले, अर्धं बाहेर येत होतं. मागे पोत्यांवर तिला निजवलं. इस्पितळाच्या वाटेवर ती दोनदा बोलायची थांबली आणि दोन्ही वेळा मी तिला गालावर मारून जागं केलं.

ती वाचली. दहा दिवसांनी मी पुन्हा गेले, पुठ्ठा, कात्री आणि पुडीचा डबा घेऊन. दार उघडं होतं. खिडकीपाशी एक खुर्ची ठेवलेली होती. मी तिला म्हणाले, "आधी बस. उभी राहून माप घ्यायचं नाही."

ती बसायला बराच वेळ तयार नव्हती. मी वाट बघितली. मग ती खुर्चीचे दोन्ही हात धरून, श्वास रोखून, हळूहळू खाली बसली.